आठवण, निसर्ग आणि इतिहास : उतारवयातील रोजची टिपणवही कशी लिहावी

उतारवयात मन दिवसभर कुठे ना कुठे भटकत असते. खिडकीतून एखादे झाड दिसते, त्यावरून शाळेच्या आवारातले झाड आठवते, मग त्या वर्षी जगात काय चालले होते याचा विचार सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत यातले काहीच हाती उरत नाही. हे जपून ठेवायचे असेल, तर आत्मचरित्र लिहायला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्मचरित्र जन्मापासून सुरू होते, पूर्वजांच्या नावागावांत गुंतते आणि बहुतेक वेळा लग्नापर्यंतही पोहोचत नाही. शिवाय त्यात आपण वाचणाऱ्याला कसे दिसू, याची काळजी वाक्यावाक्याला आडवी येते. त्यापेक्षा साधी टिपणवही ठेवावी. आज डोळ्यांना काय दिसले, त्यावरून काय आठवले आणि ती आठवण कोणत्या काळातली असावी, एवढेच रोज पाच-सात ओळींत लिहावे. मात्र या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. जे पाहिले ते पाहिलेले म्हणून, जे आठवले ते आठवलेले म्हणून आणि जे पडताळले ते पडताळलेले म्हणूनच वहीत उतरले पाहिजे. पुढच्या सगळ्या सूचना याच एका धोरणातून आलेल्या आहेत.

वही शिवलेल्या बांधणीची आणि जाड कागदाची असावी. सुटे कागद हरवतात आणि त्यांचा क्रम बिघडला की कोणते आधी लिहिले हे कळेनासे होते. लिहायला मऊ शिशाची पेन्सिल उत्तम, कारण ग्रॅफाइट हा कार्बनच असल्यामुळे तो उजेडाने फिका पडत नाही आणि पाणी सांडले तरी पसरत नाही. साध्या पेनांतील रंग मात्र वर्षानुवर्षे उजेडात राहिल्यास उडतात. प्रत्येक टिपणाच्या वर पूर्ण तारीख, वार आणि वेळ लिहावी, आणि साल चारही आकड्यांत लिहावे. टिपण नेहमी उजव्या पानावर लिहावे आणि डावे पान कोरे सोडावे. पुढे कधी एखादी तारीख पक्की झाली, एखाद्या नातेवाइकाने वेगळे सांगितले किंवा जुने पत्र सापडले, तर ते त्या दिवसाच्या तारखेसह डाव्या पानावर नोंदवावे. उजव्या पानावरचे काही खोडू नये. आपल्याला आधी काय वाटत होते, हीसुद्धा माहितीच असते.

दिवसाची सुरुवात निसर्गापासून करावी, कारण समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल शंका नसते आणि हात लिहिता होतो. जागा ठरलेली असावी. एकच खिडकी, एकच बाक किंवा गच्चीचा एकच कोपरा. फिरत फिरत पाहिलेल्या गोष्टींची एकमेकींशी तुलना करता येत नाही. पूर्व किंवा पश्चिम क्षितिज दिसत असेल, तर सूर्य कशाच्या मागून उगवला किंवा कशाच्या मागे मावळला, हे दर आठवड्याला टिपावे. वर्षभरात हा उगवतीचा बिंदू विषुववृत्तावरसुद्धा सुमारे ४७ अंश सरकतो आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा पट्टा रुंद होत जातो. हात ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरली, तर ती साधारण १० अंश व्यापते. म्हणजे निदान पाच मुठींचे अंतर सूर्य क्षितिजावर चालून जातो. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो रोज जवळजवळ आपल्या बिंबाच्या रुंदीएवढा सरकतो, तर जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जागेवर खिळल्यासारखा वाटतो. गुडघे कुरकुरत असले तरी हे निरीक्षण खुर्चीत बसून होते.

याशिवाय वर्षातून एकदाच घडणाऱ्या गोष्टींचे पहिले दिवस लिहावेत : पहिली पालवी, पहिले फूल, पहिला बेडकांचा आवाज, एखाद्या पाहुण्या पक्ष्याचे पहिले दर्शन. इंग्लंडमधील नॉर्फोक येथे रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून अशा नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांतून आणि बखरींतून गोळा झाल्या आहेत. २०२१ मध्ये तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, आणि हा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर आलेला होता, हे त्या जुन्या कागदांमुळेच सांगता आले. ज्यांनी त्या रोजनिशा लिहिल्या, त्यांच्यासमोर हवामानाचा अभ्यास नव्हता. त्यांनी तारीख लिहिली, एवढेच.

‘पूर्वी चिमण्या फार असत’ अशी वाक्ये वहीत लिहू नयेत. ती आपण सगळेच बोलतो आणि त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी कोणत्या घराच्या कोणत्या तारेवर, वर्षाच्या कोणत्या दिवसांत, साधारण किती चिमण्या बसत असत आणि त्या कोणत्या वेळी गलका करीत, हे आठवेल तेवढे लिहावे. मग आज त्याच प्रकारच्या जागी किती दिसल्या, ते खाली मांडावे. एकही दिसली नाही, तर ‘दिसली नाही’ असे आवर्जून लिहावे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये असे मांडले, की प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात पाहिलेल्या निसर्गालाच मूळ स्थिती समजते आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेली घट कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळतात, अशी तक्रार घरोघरी होते. पण आकडा, जागा आणि महिना यांसह उगाळलेली जुनी गोष्ट हाच या विसरावरचा उतारा आहे.

निसर्गाची समज कधीकधी आठवण दुरुस्त करते. लहानपणी झाडाच्या खोडावर एखादी खूण केलेली असेल, तर ती आता हात पोहोचणार नाही इतकी उंच गेली असेल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात झाड शेंड्याकडून आणि फांद्यांच्या टोकांकडून उंच होते, तर खोड फक्त जाड होत जाते; त्यामुळे खूण होती त्याच उंचीवर राहते, मात्र तिची अक्षरे आडवी ताणली जाऊन फाटल्यासारखी दिसतात. असे झाड अजून उभे असेल, तर जमिनीपासून खुणेपर्यंतची उंची टेपने मोजावी. मूल सहसा आपल्या डोळ्यांच्या किंवा छातीच्या पातळीवर कोरते, म्हणून त्या मापावरून तेव्हा आपण किती उंचीचे, म्हणजे अंदाजे किती वर्षांचे होतो, याचा माग लागतो. बुंध्याशी मातीचा भराव पडला असेल किंवा माती वाहून गेली असेल, तर तेही टिपणात लिहावे.

आता आठवणींकडे वळू. वहीत काही महिने लिहिल्यावर असे दिसेल, की बहुतेक टिपणे साधारण वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधली आहेत. हे बहुतेक सगळ्यांचे होते आणि स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना ते चांगले परिचित आहे. पहिल्यांदा घडलेल्या आणि आयुष्याला दिशा देणाऱ्या गोष्टी याच काळात दाटीने येतात. त्यापुढची वर्षे आपोआप येत नाहीत, त्यांना बोलावून आणावे लागते. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती म्हणजे नकाशा. ज्या ज्या घरात आणि कामाच्या ठिकाणी आपण राहिलो वा वावरलो, त्याचा आराखडा एका पानावर हाताने काढावा : दार कोणत्या बाजूला उघडे, दिव्याचे बटण कुठे होते, पाण्याचे भांडे कशावर ठेवलेले असे, खुर्चीत बसल्यावर समोर काय दिसे. चित्र सुबक नसले तरी चालेल. बटणाची जागा आठवता आठवता ते दाबणारे माणूस आठवते, आणि चाळिशीतला एखादा दिवस, ज्याला ‘काही विशेष नाही’ म्हणून आपण टाकून दिले होते, तो तपशिलांसह परत येतो.

प्रत्येक आठवणीच्या समासात ‘पाहिले’, ‘ऐकले’ किंवा ‘वाटते’ यांपैकी एक शब्द लिहावा. आईने वारंवार सांगितलेली आपल्याच बालपणातली गोष्ट आपल्याला डोळ्यांसमोर दिसू लागते, पण ती ‘ऐकले’ या सदरातच जाते. या शिस्तीची गरज का आहे, हे मानसशास्त्रज्ञ उलरिक नाइसर यांच्या उदाहरणावरून कळते. ७ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर जपानने हल्ला केल्याची बातमी आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना आली, असे त्यांना अनेक वर्षे स्पष्ट आठवत होते. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की डिसेंबरमध्ये बेसबॉल खेळलाच जात नाही. पुढे इतर अभ्यासकांनी असे दाखवून दिले, की त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलचा सामना प्रक्षेपित होत होता आणि त्यातील दोन्ही संघांची नावे बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांसारखीच होती. म्हणून एखादी आठवण पडताळणीत चुकली, तर ती रद्द करू नये. तिच्यातील नेमका कोणता तुकडा सरकला, ते शोधावे. याच नाइसर यांनी १९८६ मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा कित्येकांची उत्तरे बदललेली होती, पण खात्री मात्र तशीच होती. हा प्रयोग आपणही करू शकतो. एखादी महत्त्वाची आठवण काही महिन्यांनी जुने टिपण न पाहता पुन्हा लिहावी आणि मगच दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

इतिहासाचे काम इथे सुरू होते, आणि ते वाटते तितके अवघड नाही. पुष्कळदा साल आठवत नाही, पण ‘तो रविवार होता’ किंवा ‘त्या रात्री पौर्णिमा होती’ हे पक्के आठवते. वारासाठी असा नियम आहे, की १९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी तारखा आणि वार जसेच्या तसे परत येतात. १९७०, १९९८ आणि २०२६ या तिन्ही वर्षांचे कॅलेंडर एकच आहे. चंद्राच्या कलांसाठी १९ वर्षांचे चक्र आहे. १९ वर्षांनी त्याच तारखेला, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, चंद्राची तीच कला येते. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्री आपण पूर्णचंद्राकडे पाहत उभे होतो, असे सांगणारी माणसे भेटतात. १९६९ मध्ये १९ तीनदा मिळवले की २०२६ येते. त्या वर्षाचे कॅलेंडर उघडून २० जुलैचा चंद्र पाहावा. तो शुक्ल पक्षातला, अष्टमीपर्यंतही न पोहोचलेला आणि सूर्यास्तानंतर काही तासांत मावळणारा असतो. आणखी एक बारकावा म्हणजे यान उतरले तेव्हा पूर्वेकडील बऱ्याच देशांत २१ जुलै, सोमवार लागलेला होता. त्यामुळे ‘सोमवारी शाळेत कळले’ आणि ‘रविवारी रात्री पाहिले’ ही दोन्ही विधाने आपापल्या ठिकाणी खरी असू शकतात.

आकाशातल्या घटना अशा पडताळणीसाठी फार चांगल्या, कारण त्यांच्या तारखा निश्चित असतात. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये डोक्यावर लांब शेपटी पसरून दिसल्याचे अनेक जण सांगतात. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सर्वांत जवळ असताना पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होती आणि त्याचे दर्शन एकंदरीत निराशाजनक ठरले. उघड्या डोळ्यांनी महिनोन्‌महिने दिसलेला देखणा धूमकेतू होता हेल-बॉप, १९९७ च्या वसंतातला. आठवणीतल्या त्या रात्री कडेवर मूल होते का आणि ते केवढे होते, एवढे विचारले तरी अकरा वर्षांचा हा गोंधळ सुटतो. तसेच, फार जुन्या घटना आपल्याला प्रत्यक्षापेक्षा अलीकडे घडल्यासारख्या वाटतात; म्हणून ‘वीसेक वर्षे झाली असतील’ असे मनात आले, तर निदान पंचवीस वर्षांपूर्वीचे कागदही चाळावेत. पाकिटावरचा टपालाचा शिक्का, पासबुक, दाखले, छायाचित्रांची मागची बाजू यांत तारखा असतात. छापील पावत्यांपैकी गुळगुळीत, उष्णतेने छापलेल्या कागदाच्या पावत्या काही वर्षांत कोऱ्या होतात, म्हणून त्यांवरील मजकूर वहीत लगेच उतरवून घ्यावा.

काही आठवणी त्रास देतात. आयुष्याकडे मागे वळून पाहणे हे म्हातारपणाचे वेड नसून त्या वयाचे नैसर्गिक काम आहे, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडले होते. तरीही एकाच दुःखाभोवती आठवडाभर वही फिरू लागली, तर काही दिवस फक्त निसर्गाच्या नोंदी कराव्यात. रोजचे व्यवहार अडतील इतके विस्मरण होत असेल, तर ते वहीने सुटणार नाही, डॉक्टरांना दाखवावे. हात थरथरत असेल, तर मोबाइलवर बोलून लिहून घ्यावे आणि कोणाकडून तरी वहीत उतरवून घ्यावे. हयात माणसांची गुपिते लिहायचीच असतील, तर नाव टाळावे. वाद जिंकण्यासाठी ही वही वापरू नये, असा माझा आग्रह आहे; नाहीतर घरात ती कोणी उघडणार नाही.

वहीची शेवटची दहा-बारा पाने सूचीसाठी राखून ठेवावीत आणि पानांना सुरुवातीपासून क्रमांक द्यावेत. दर महिन्याच्या अखेरीस माणसे, जागा, झाडे-पक्षी आणि साले अशा चार सदरांत त्या महिन्याच्या नोंदींचे पानक्रमांक उतरवावेत. एकाच सालासमोर तीन-चार पानक्रमांक जमले, की ती पाने एकत्र वाचावीत. तेव्हा उन्हाळ्यातले म्हणून लिहिलेले एखादे घर सोडणे आणि त्याच उन्हाळ्यातला दुसऱ्या गावचा मुक्काम एकमेकांशी जुळत नाहीत, असे बहुधा आढळते, आणि डाव्या पानावर लिहिण्यासारखे काम मिळते.