मागच्या शॉकमध्ये बदल करून माउंटन बाइकची जिओमेट्री कशी बदलायची

"शॉकमधली हवा कमी कर, मागचं बसेल, हेड अँगल आपोआप स्लॅक होईल." हा सल्ला इतक्या वेळा ऐकलाय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. होतो ना स्लॅक (म्हणजे पुढचा फोर्क जास्त आडवा), पण सोबत अर्धा ट्रॅव्हल (चाक वर-खाली व्हायची जागा) बसल्याबसल्या संपतो, जरा मोठा दणका आला की शॉक तळाला टेकतो आणि पेडल दगडांवर आपटत राहतात. सॅग (नुसतं बसल्यावर शॉक जितका दबतो तो) सस्पेन्शन नीट चालावं म्हणून असतो, जिओमेट्री बदलायची तर शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर बदलायचं.

फ्रेमला फ्लिप चिप (उलटी लावली की जिओमेट्री बदलणारा छोटा तुकडा) असेल तर आधी ती उलटी लावून बघा. तेवढ्यावर भागलं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

नसेल भागत तर आधी मोजमाप. सपाट फरशी, टायरमध्ये नेहमीची हवा, फोर्कच्या स्टँचनवर (वरच्या गुळगुळीत नळीवर) अँगल गेज, आणि क्रँकच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची. कागदावर लिहा, लक्षात राहत नाही.

आता हिशेब. मागचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक (शॉक पूर्ण दबताना जितका आत जातो तो), हा झाला सरासरी लिव्हरेज रेशो. १५० मिमी ट्रॅव्हल आणि २३०×६० चा (लांबी २३०, स्ट्रोक ६० मिमी) शॉक असेल तर अडीच. ऑफसेट बुशिंगची (बोल्टचं भोक मध्यापासून बाजूला असलेली बुशिंग) जोडी शॉक साधारण ५ मिमीने तोकडा करते, म्हणजे चाक फ्रेमच्या मानाने साडेबारा मिमी वर सरकतं. १२०० मिमी व्हीलबेसवर एक डिग्रीसाठी २१ मिमी लागतात, तेव्हा हातात पडतो ०.६ डिग्री, बीबी (क्रँकचा मध्य) ८ मिमी खाली येतो, सीट अँगलही तितकाच मागे झुकतो आणि रीच (बीबीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) ६-७ मिमी कमी होतो. एका जोडीत दीड डिग्री मिळेल असं कोणी सांगत असेल तर त्याने हे गणित कधी केलेलंच नाही. आणि २३० च्या जागी सरळ २१० लांबीचा शॉक टाकणारेही असतात, त्यांनी २० गुणिले अडीच करून बघावं, चाक ५० मिमी वर आणि बीबी ३० मिमीपेक्षा जास्त खाली, पेडल मारायचं कुठे मग?

बुशिंग बसवणं सोपं आहे. दोन्ही टोकांना बोल्टचं भोक शॉकच्या मध्याकडे आलं पाहिजे, उलटं बसलं तर बाइक खाली यायच्या ऐवजी वर जाते. ट्रनियन शॉकला (ज्याचं एक टोक दोन बाजूंच्या बोल्टने धरलेलं असतं) हे एकाच टोकाला बसतं, फरक निम्मा धरा.

खरी गोम पुढे आहे आणि इथेच मी तोंडावर आपटलोय. शॉक तोकडा झाला पण स्ट्रोक तेवढाच राहिला, म्हणजे पूर्ण दबल्यावर चाक आधी जिथे थांबायचं त्याच्याही वर जाणार. तिथे जागा आहे का हे न बघता ट्रेलवर जाऊ नका. पहिल्यांदा केलं तेव्हा मी शॉकची हवा सोडली, सॅडलवर बसून जोर लावला, वाकून बघितलं तर ड्रॉपर (सॅडल खाली-वर करणारा सीटपोस्ट) खाली असताना टायर आणि सॅडल यांच्यात १२ मिमी जागा दिसली. म्हटलं भरपूर आहे. पहिल्याच मोठ्या ड्रॉपला टायर सॅडलच्या बुडाला घासला, चर्र आवाज आला, मागचं चाक क्षणभर अडकलं आणि मी हँडलबारवरून जाता जाता वाचलो. घरी येऊन नीट बघितलं तेव्हा कळलं की माझ्या तपासणीत ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी रिंग) ५४ मिमीलाच थांबली होती. थोडी हवा आत राहिली होती आणि मी त्यालाच तळ समजलो. शेवटचे ६ मिमी शिल्लक होते, शेवटाकडे माझ्या फ्रेमचा रेशो सव्वादोनच्या आसपास, म्हणजे चाक अजून १३ मिमी वर येणार होतं आणि जागा होती १२.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. शॉक पूर्ण काढतो आणि त्या जागी लाकडाची जाड पट्टी लावतो, तिला दोन भोकं. अंतर किती? शॉकची लांबी वजा स्ट्रोक, २३० वजा ६० म्हणजे १७०, त्यातून बुशिंगचे ५ गेले, १६५. जोरात तळ गाठला की आतला रबरी बंपर दबतो म्हणून मी अजून २ कमी करून १६३ वर भोक पाडतो. पट्टी बोल्टने बसवली की मागचा त्रिकोण शेवटच्या स्थितीत पक्का राहतो, ना पंप ना हवा, चाक फिरवा आणि निवांत बघा. टायर तोच हवा जो तुम्ही चालवणार, २.४ इंचीवर तपासून नंतर २.६ इंची टाकला तर सगळं वाया. सीट ट्यूबकडे जागा हळू कमी होते, सॅडलकडे झपाट्याने, त्यामुळे सीट ट्यूबला ६ मिमी आणि ड्रॉपर पूर्ण खाली असताना सॅडलला १० मिमी यापेक्षा कमी मी चालवून घेत नाही. सीटस्टेचा ब्रिज (मागच्या वरच्या दोन नळ्या जोडणारा तुकडा) आणि केबलही बघा. जागा कमी पडली तर फाइल घेऊन फ्रेम घासू नका, एकाच टोकाला ऑफसेट ठेवा किंवा शॉकमध्ये स्ट्रोक कमी करणारा स्पेसर टाकून घ्या.

पट्टी एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे शॉकची स्वतःची बॉडी किंवा पिगीबॅक (शॉकला जोडलेली बाजूची टाकी) कुठे टेकतंय का. त्यासाठी शॉक परत लावा, हवा सावकाश सोडत मधूनमधून सॅडल दाबत राहा म्हणजे निगेटिव्ह चेंबरमधलीही (शॉकमधला दुसरा हवेचा कप्पा) निघेल (घाईत सोडली तर शॉक दबलेल्या स्थितीत अडकून बसतो), आणि ओ-रिंग खरंच ६० पर्यंत गेली का ते मोजपट्टीने मोजा. कॉइल (हवेऐवजी स्प्रिंगचा शॉक) असेल तर स्प्रिंग काढून करा.

मग हवा भरा, सॅग ३० टक्के म्हणजे १८ मिमी, सॅडल थोडी पुढे, बोल्ट फ्रेमवर लिहिलेल्या टॉर्कला. पेडल जमिनीला लागायला लागले तर १७० च्या जागी १६५ चे क्रँक लावा, गेलेल्या ८ मिमीपैकी ५ परत मिळतात. पहिल्या राइडनंतर शॉकचे दोन्ही बोल्ट पुन्हा तपासा, माझा एकदा पाव फेरा सुटलेला निघाला होता.