क्रियापदाचं नाम करायचंय? आधी शेपूट बघा

नवीन वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर इंग्रजी लिहीतच नाही. निवडणे, लढणे, पेरणे, वाचणे असं लिहिते आणि यांची नामं विचारते. निवडणूक, लढाई, पेरणी, वाचन! कुणी अडखळत नाही. 'लढणूक' किंवा 'पेराई' का नाही, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. इंग्रजीतही बरंचसं असंच कानानं शिकायचं असतं. 'अराइव्ह'चं 'अरायव्हल' होतं आणि 'मूव्ह'चं 'मूव्हमेंट'. तिथे कारण शोधत बसू नका, जोडी मोठ्यानं म्हणा.

काही शेपटं मात्र भरवशाची आहेत. 'स्क्राइब'चं 'स्क्रिप्शन' होतं: डिस्क्राइब, डिस्क्रिप्शन. 'सीव्ह'चं 'सेप्शन': रिसीव्ह, रिसेप्शन, डिसीव्ह, डिसेप्शन. 'फाय'चं बहुतेक वेळा 'फिकेशन': क्लासिफाय, क्लासिफिकेशन. ('सॅटिस्फाय'चं 'सॅटिस्फॅक्शन' हा अपवाद लक्षात ठेवा.) असे शब्द एकेक करून पाठ करू नका, गटानं लिहा.

उच्चारही बदलतो. 'शन' लागला की जोर त्याच्या लगेच आधीच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर, जातो. 'एज्युकेट'मध्ये जोर 'ए'वर, 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर. 'प्रोनाउन्स'चं नाम 'प्रोनन्सिएशन'. त्यात 'नाउ' उरत नाही आणि स्पेलिंगमधला यू-च्या आधीचा ओसुद्धा गळतो. उच्चाराच्याच शब्दाचा उच्चार इतके जण चुकतात, म्हणून मी तो वर्गात दहादा म्हणवून घेते.

उलटा प्रवासही आहे. आपण 'राग'चं 'रागावणे' करतो, तसं 'स्ट्रेंग्थ'चं 'स्ट्रेंग्थन', 'मेमरी'चं 'मेमोराइझ'.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि शब्दांच्या याद्यांमध्ये हे सहसा नसतंच. शब्द बदलला की शेजारी बदलतो. 'डिस्कस' या क्रियापदाला थेट कर्म लागतं: 'वुई डिस्कस्ड द प्लॅन.' नाम केलंत की मध्ये शब्दयोगी हवा: 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन.' नामाचा हा 'अबाउट' क्रियापदाला चिकटतो आणि 'डिस्कस अबाउट' तयार होतं. व्याकरण नीट येणारी माणसंही इथे घसरतात. 'रेझिस्ट'चंही तसंच: 'दे रेझिस्टेड द चेंज', पण 'देअर रेझिस्टन्स टू द चेंज'. 'डिसाइड'च्या नामाला तर नवं क्रियापदच लागतं: 'आय डिसाइडेड' किंवा 'आय मेड अ डिसिजन'.

म्हणून वहीत नुसती जोडी लिहू नका. डाव्या पानावर क्रियापदाचं पूर्ण वाक्य लिहा, उजव्या पानावर त्याच अर्थाचं नामाचं वाक्य, आणि नामानंतर आलेल्या शब्दाखाली रेघ ओढा. रोज तीन जोड्या पुरेत. सुरुवात 'एन्टर' आणि 'एन्ट्री'पासून करा. 'इनटू' कोणत्या पानावर येतो आणि कोणत्या पानावर येत नाही, ते लिहितानाच दिसेल.