लेथची टकटक

पावसाळ्यात दोन महिने माझा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) बंद होता. गणपतीनंतर पाटाचे पाय कातायला घेतले आणि चालू करताच टक-टक-टक. वेग वाढवला की टकटकही वाढे. शेजारचे काका म्हणाले, "बेअरिंग गेलं रे, बदलून टाक." मी जवळजवळ आणणारच होतो.

आधी प्लग काढून बेल्ट उतरवला. स्पिंडल (बेअरिंगवर बसलेला, लाकूड फिरवणारा दांडा) हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरला, कुठे खरखर नाही की ढिलेपणा नाही. म्हणजे बेअरिंग निर्दोष. मग नुसती मोटर चालवली, तर आवाज तसाच! पुन्हा प्लग काढून मोटरची पुली धरून हलवली. शाफ्टवर (मोटरच्या दांड्यावर) किंचित डुगडुगत होती. ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा स्क्रू) अर्धा आटा सैल, खाली काळपट भुकटी साचलेली. पुली काढून शाफ्ट पुसला, पट्टी लावून दोन्ही पुल्या एका रेषेत आणल्या, स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब देऊन ॲलन कीने आवळला.

टकटक गेली. सुरुवातीला मंद धपधप उरली होती, ती बेल्टची. एकाच जागी बसून त्याला बाक आला होता. दहा मिनिटं चालल्यावर तीही थांबली. आता लेथ बंद ठेवायचा असला की बेल्ट सैल करून ठेवतो.