चार आण्याची कोंबडी: जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड-प्रोसेसर बदलताना या चुका टाळा

नौपाड्यात आमच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. एच६१ मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आतलं काय ते बदलून दे रे, डबा आहे तोच राहू दे." मी ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड करत लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठला आणि एच६१० बोर्ड, डीडीआर४ रॅम नि बाराव्या पिढीचा आय३ घेऊन आलो. जोडणी केली, पंखे फिरले, स्क्रीन काळी. रॅम काढून घातली, केबल बदलली, रात्री दीड वाजेपर्यंत बोर्डाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने प्रोसेसरचा खोका हातात घेतला आणि नावातल्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं: एफ.

इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असला की त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतं. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं सॉकेट दिसतं, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते मुकंच. एफवाला थोडा स्वस्त पडतो, म्हणून हात तिकडेच जातो. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हिशोब उलटा: रायझन ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ५६००मध्ये नाही. मी फोडलेला खोका दुकानदाराने बदलून दिला, वरचे पैसे घेऊन. सगळे देतात असं नाही.

या कामातल्या बहुतेक चुका स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून खरेदीला निघण्याआधी टेबलाखाली शिरून जुन्या मशीनवरचे सगळे नंबर आणि एसएमपीएसचं (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) लेबल मोबाइलवर टिपून घ्या.

सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असं नाही

सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरचं सॉकेट नावाला एकच, एलजीए ११५१. पण सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर चालते, आठवी-नववी ३०० मालिकेच्या. एच११० बोर्डात आठव्या पिढीचा आय५ नीट बसतो, खटका लागतो आणि चालू होत नाही. सेकंड-हँड बाजारात या एका गोष्टीपायी बरेच जण फसतात, कधी विकणारासुद्धा. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर कोणते प्रोसेसर चालतात याची यादी असते आणि शेजारच्या रकान्यात किमान बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) आवृत्ती दिलेली असते. तो रकाना चुकवू नका. बायोस जुना असेल तर आधी जुन्या प्रोसेसरवर अपडेट करावा लागतो, मग नवा बसवायचा. एच६१वर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर टाकतानाही हेच.

ऑनलाइन मागवताना एच६१ आणि एच६१० यांच्यातलं शून्य नीट बघा. त्या एका शून्यामागे अकरा वर्षं आहेत.

मशीन फक्त हळू चालतं एवढीच तक्रार असेल, तर माझं मत बोर्ड बदलू नका असं आहे. एच६१च्या साटा पोर्टचा (डिस्क जोडायच्या जागेचा) वेग ३ गिगाबिटच आहे, तरी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावला की फरक घरच्यांनाही जाणवतो. पण कारण विंडोज ११ असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० (बोर्ड-प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं. (या नियमाला काही अपवाद आहेत, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत मॉडेल तपासा.) त्याखालचा सेकंड-हँड आय७ कितीही स्वस्त मिळाला तरी उपयोग नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, पण तिघांची खाच वेगवेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती चुकीची आहे. एच६१० बोर्ड डीडीआर४चेही येतात आणि डीडीआर५चेही, खोक्यावर वाचून घ्या.

एसएमपीएस: कॅबिनेटबरोबर आलेला

बजेट मशीनमध्ये एसएमपीएस बहुधा कॅबिनेटबरोबर आलेला असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेलं असतं. त्या आकड्याकडे दुर्लक्ष करून लेबलावरची १२ व्होल्टची ओळ शोधा. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल, तर १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. आजचे बोर्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी ताकद याच ओळीतून घेतात. साध्या ऑफिस मशीनला तेवढं पुरेलही, पण बारा-तेरा वर्षं तापलेल्या कपॅसिटरवर नव्या बोर्डाचा भार टाकणं मला पटत नाही. मी एसएमपीएस नवा घेतला. बिल बघून काकू म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." खोटं नव्हतं.

ब्रँडेड कंपन्यांचे ऑफिसातून निघालेले डेस्कटॉप असतील तर आणखी सांभाळून. त्यातल्या अनेकांत बोर्डाची पॉवर वायर नेहमीची २४ पिनांची नसते आणि बोर्डाचा आकारही त्यांचा स्वतःचा असतो. तिथे डबा तोच ठेवायचा हट्ट महागात जातो.

बसवताना

इंटेलच्या एलजीए बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीला देताना ते मागतात. जुन्या एएम४ मशीनमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलरमधल्या लेपामुळे) कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, प्लग काढून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला.

जुना इंटेल कूलर वापरायचा विचार असेल तर एलजीए ११५५पासून १२००पर्यंत भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे, एलजीए १७००ला ७८. तीन मिलिमीटर, पण बसत नाही म्हणजे नाही.

कॅबिनेटमधले पितळी स्टँड मोजा. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा राहिला तर बोर्ड खालून शॉर्ट होतो.

डिस्प्ले येत नाही

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, म्हणजे बोर्ड मेला असं समजून दुकानात पळू नका. आधी प्रोसेसरशेजारची ४ किंवा ८ पिनांची वायर बघा. २४ पिनांची मोठी वायर सगळे लावतात, ही कोपऱ्यातली विसरते. मग एकच रॅम ठेवा. रॅम जुनी असेल तर सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवा, आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो. केबल बोर्डाला आहे की ग्राफिक्स कार्डाला तेही तपासा: कार्ड असेल तर केबल कार्डालाच. एवढं करूनही काही नसेल तर प्लग काढून सीएमओएसची (बायोसच्या सेटिंग्ज जपणारी) बटण बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तेवढा वेळ बटण दाबत बसू नका.

डिस्प्ले आला आणि डिस्क दिसते, पण विंडोज उठत नाही? जुनी डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेली असते आणि नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनेच बूट करू बघतो. डेटाची कॉपी हाताशी असेल तर ताजं विंडोज टाकणं सगळ्यात सरळ. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर बोर्ड बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती जुना बोर्ड काढायच्या आधी लिहून ठेवा, नंतर रडून उपयोग नाही. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, ते नव्यावर येईल असं धरून चालू नका.

सगळं झाल्यावर काकूंचा फोन आला: "नव्या बोर्डाचा शॉक लागतो." गेलो. कॅबिनेटला हात लावला की खरंच मुंग्या येत होत्या, पण बोर्डाचा दोष नव्हता. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अगदी थोडा करंट कॅबिनेटकडे सोडतात आणि अर्थिंग असेल तर तो निमूट जमिनीत जातो. हॉलमधल्या तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने तपासलं तर घरात ती एकाच पॉइंटला नीट होती, फ्रीजच्या. वायरिंगचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलंय. तोवर काकू स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी बसून लाइटबिल भरतात.