काच वाढवली म्हणजे घर उजळत नाही! घर आखताना या चुका टाळा

नव्या घराचा नकाशा आला की बहुतेकांची नजर आधी जाते ती घर बाहेरून कसं दिसेल याकडे. खिडक्यांची मापंही तिथेच ठरून जातात. मग राहायला गेल्यावर पडदे दिवसभर ओढलेले, दिवे भर दुपारी चालू आणि अंगणाकडचं दार बंद. खिडकी लहान म्हणून असं क्वचितच होतं; बहुतेकदा तिची जागाच चुकलेली असते.

रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, ही सर्वांत नेहमीची चूक. वास्तुकार मीस व्हॅन डर रोहे यांचं अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाउस १९५१ साली पूर्ण झालं. चारही बाजूंनी काच. वास्तुकलेत त्याचं नाव मोठं आहे, पण मालकीण एडिथ फार्न्सवर्थ उन्हाळ्यातल्या उकाड्याला आणि आडोसा नसण्याला वैतागल्या होत्या. तेही नदीकाठी, मोकळ्या जागेत, सुट्टीपुरतं वापरायचं घर! दोन हातांवर शेजार असेल तर विचारायलाच नको.

‘रिफ्लेक्टिव्ह काच लावू, बाहेरून दिसणार नाही’ हा तोडगा दिवसापुरता आहे. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने काच आरशासारखी दिसते. रात्री घरात दिवे लागले की सगळं उलटं होतं.

त्यापेक्षा आडवी, उंचावरची खिडकी घ्या. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, पावणेसहा-सहा फुटांवर असली की रस्त्यावरून कोणी आत पाहू शकत नाही आणि आभाळ मात्र दिसतं. उंचावरचा उजेड आतवरही पोचतो. साधा ठोकताळा असा : खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उजेड पुरतो. कड ७ फुटांवर असेल तर साधारण १४ ते १७ फूट. त्यापलीकडे खोली अंधारीच राहते, खिडकी कितीही रुंद करा. तिथे उजेड दुसऱ्या बाजूनेच आणावा लागतो. शेजारी उंच इमारत असेल तर मात्र या खिडकीतूनही वरून दिसतं. हे प्लॅनवर कळत नाही. सेक्शन, म्हणजे घराच्या उभ्या छेदाचं चित्र, काढायला सांगा आणि शेजारच्या खिडक्यांपासून त्यावर रेघा मारून बघा.

पश्चिमेच्या खिडकीवर नुसता छज्जा काढून भागत नाही. मावळतीचं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून थेट आत. तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या, शटर किंवा झाड हवं. आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप अडवतो, पण बरीचशी उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

छोट्या प्लॉटवर चौक, म्हणजे घराच्या मधोमध वरून उघडी जागा, हा उत्तम उपाय, पण दोन मजली भिंतींमध्ये ६ फुटांचा चौक म्हणजे विहीरच.

बाहेरची बैठक ४ फूट रुंद ठेवली तर खुर्ची मांडल्यावर चालायला जागा उरत नाही. ७-८ फूट तरी द्या, वर छप्पर द्या आणि शक्यतो स्वयंपाकघराजवळ ठेवा, म्हणजे ती रोज वापरात येते. आतबाहेर फरशी एका पातळीत हवी असेल तर दारालगत जाळीची नाली आणि बाहेरच्या फरशीला घरापासून दूर जाणारा उतार, दोन्ही लागतात. स्लायडिंग दाराला डासांच्या जाळीचा वेगळा ट्रॅक ऑर्डर देतानाच सांगा, मागाहून तो बसवणं फार किचकट होतं.