हेरगिरी, तलवारबाजी आणि प्रेम: ऐतिहासिक कादंबरी लिहिताना या चुका टाळा

साल १८०३, पॅरिस. इंग्रज हेर अंधाऱ्या खोलीत शिरतो, फस्सकन काडी ओढतो आणि नकाशा शोधू लागतो. इथेच घोटाळा झाला! घासून पेटणारी काडी विकायला आली ती १८२७ साली. आपल्या नायकाच्या खिशात आहे गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि जळकं कापड. तो खटखट करत बसतो, ठिणगी काही धरत नाही आणि पडद्याआडून बाईचा आवाज येतो, "मेणबत्ती हवीय का?" चूक दुरुस्त झाली आणि नायिकेला प्रवेशही मिळाला. पिस्तुलाचंही तेच. एका नळीतून एकच बार, आणि दारू ओली झाली की तोही गेला. नायकाने धडाधड सहा गोळ्या झाडल्या, तर तलवार उपसायला कारणच उरत नाही.

तारखांकडे दुर्लक्ष ही त्याहून महागात पडणारी चूक. ब्रिटन आणि फ्रान्समधलं युद्ध थांबवणारा आमियाँचा तह झाला मार्च १८०२ मध्ये, आणि मे १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. मधल्या काळात हौशी इंग्रजांची पॅरिसमध्ये रीघ लागली होती. युद्ध सुरू होताच नेपोलियनने फ्रान्समधल्या १८ ते ६० वयाच्या इंग्रज पुरुषांना अडकवून ठेवायचा हुकूम काढला. नायिकेचा भाऊ परतायला आठवडाभर रेंगाळला, एवढं पुरे. कथानकाला वेगळा धक्का लागत नाही.

खलनायक बावळट करू नका. पहारेकरी दर वेळी झोपलेलेच असतील, तर सुटकेत मजा कसली? जोसेफ फुशेसारखा पोलीसमंत्री समोर हवा. फक्त १८०३ मध्ये तो त्या पदावर नव्हता. १८०४ मध्ये परत आला.

मला सर्वांत जास्त खटकतं ते प्रेम एका प्रकरणात आणि हेरगिरी दुसऱ्यात. दोन्ही एकाच कागदावर आणा. तेव्हा पत्राला सहसा पाकीट नसे. कागदच दुमडून त्यावर लाखेची मोहोर मारत. नायिका सुरीचं पातं दिव्यावर तापवते, श्वास रोखून मोहोरेखाली सरकवते. मोहोर न तुटता सुटते. आत सांकेतिक मजकूर असणार, या खात्रीने ती कागद उलगडते. पहिल्याच ओळीत तिच्या हिरव्या हातमोज्यांचं वर्णन आहे, आणि खाली लिहिलंय: वाचून झालं की मोहोर नीट चिकटवा.