डिझेल ट्रकच्या लायनरला बाहेरून भोकं पडू नयेत म्हणून

रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला थोडं कमी होतं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. होज कोरडे, वॉटर पंप कोरडा. मग एक दिवस डिपस्टिकला दुधाळ चहासारखं ऑइल लागतं. इंजिन खोललं की लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, बाहेरच्या अंगाला दाभणाने टोचल्यासारखी भोकं दिसतात. गॅरेजमध्ये ‘लायनर गंजला’ म्हणून विषय संपतो आणि नव्या लायनर-पिस्टन किटवर पुन्हा तेच बोअरचं पाणी पडतं. गंजाचा यात हात असतो, पण पहिला मार बुडबुड्यांचा.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, थेट लायनरच्या भिंतीला लागतं ते वेट लायनर इंजिन. मोठ्या ट्रकची बरीच इंजिनं अशीच असतात. डिझेल पेटलं की पिस्टन लायनरच्या एका अंगावर आदळतो आणि लायनर थरथरतो. भिंत झटकन मागे सरते, तिथल्या कूलंटचा दाब पडतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. भिंत परत आली की ते आतल्या आत कोसळतात. त्या फटक्याने धातूवरचा संरक्षक थर उडतो, उघडं लोखंड गंजतं, त्यावर पुढचा फटका. म्हणून भोकं सगळीकडे नसतात. पिस्टन आदळतो त्या बाजूला, एका उभ्या पट्ट्यात असतात. ही ओळ दिसली की वेगळं निदान लागत नाही.

लायनर नसला म्हणजे सुटका, असंही नाही. अमेरिकेत फोर्डच्या पिकअपमध्ये १९८८ ते १९९४ या काळात आलेलं इंटरनॅशनल कंपनीचं ७.३ लिटरचं डिझेल इंजिन याच दुखण्यासाठी बदनाम आहे. आधीच्या ६.९ लिटर इंजिनाचा १०१.६ मिमीचा सिलिंडरचा व्यास त्यात १०४.४ मिमी झाला, भिंत पातळ झाली आणि ब्लॉकलाच आरपार भोकं पडू लागली.

उपाय कूलंटमधल्या रसायनात आहे. नायट्राइटसारखी द्रव्यं धातूवर पातळ थर धरतात आणि तो उडाला की पुन्हा धरतात. त्यातच ती खर्चही होतात. कूलंट हिरवंगार दिसतंय म्हणून ठीक आहे, हा समज इथेच फसतो. रंग शेवटपर्यंत टिकतो, नायट्राइट नाही.

निवड. डब्यावर हेवी ड्यूटी डिझेलसाठी असल्याचा उल्लेख आणि एएसटीएम डी ६२१० हे मानक शोधा, आणि ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलशी जुळवा. कारच्या कूलंटमध्ये लायनरला लागणारं संरक्षण असेलच असं नाही. दोन जातींची कूलंट रंग जुळला म्हणून मिसळू नका.

पाणी. डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्डच. मोठे इंजिन उत्पादक साधारण क्लोराइड ४०, सल्फेट १०० आणि कठीणपणा १७० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ही वरची मर्यादा देतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी यात बसत नाही.

भरणं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडा. रेडिएटरच्या तळासोबत ब्लॉकचा ड्रेन प्लगही खोला. तो विसरला तर काही लिटर जुनं पाणी आतच राहतं. स्वच्छ पाण्याने धुवा, पण शेवटचं धुणं डिमिनरलाइज्ड पाण्याचं.

इथे हिशोब चुकतो. समजा सिस्टिम ३० लिटरची आहे आणि धुतल्यावर ५ लिटर पाणी आत अडकलंय. वरून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि पाण्याचं तयार ५०:५० मिश्रण २५ लिटर ओतलं, तर कॉन्सन्ट्रेटचं प्रमाण ४२ टक्क्यांवर येतं. त्यापेक्षा आधी १५ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरा. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवा, हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि सावकाश ओता. अडकलेली हवा म्हणजे तयार बुडबुडेच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या आणि लेव्हल पुन्हा बघा.

कॅप. काही शे रुपयांचा हा भाग लाखाच्या इंजिनाला वाचवतो. सिस्टिममध्ये दाब टिकला तर बुडबुडे कमी होतात. रबर चिरलेलं, स्प्रिंग ढिली किंवा कॅपवरचा दाबाचा आकडा वेगळा असेल तर ती बदला. इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय मात्र मोडा. थंड इंजिनात पिस्टन आणि लायनरमधली फट जास्त राहते, म्हणजे आदळणंही जास्त.

तपासणी. दर ऑइल बदलाला कूलंटमध्ये टेस्ट स्ट्रिप (रंग बदलून नायट्राइट दाखवणारी पट्टी) बुडवा. नायट्राइटवर चालणाऱ्या कूलंटमध्ये ८०० पीपीएमच्या खाली आकडा गेला की उत्पादकाने सांगितलेलं अॅडिटिव्ह (पूरक रसायन), सांगितलेल्या मापातच घाला. अंदाजाने जास्त ओतलं तर जेलीसारखा साका बसतो आणि वॉटर पंपचं सील जातं. काही लाँग लाइफ कूलंटमध्ये नायट्राइट नसतंच. त्यांना ही स्ट्रिप लागू नाही आणि हे अॅडिटिव्हही नाही.

टॉपअपसाठी ५०:५० मिश्रणाचा ५ लिटरचा कॅन केबिनमध्ये ठेवा. घाटात अडकल्यावर साधं पाणी ओतावं लागलं, तर इंजिन निवल्यावरच ओता आणि परतल्यावर प्रमाण व स्ट्रिप दोन्ही तपासा.

इंजिन खोललंच असेल तर लायनर बसवण्याआधी ब्लॉकमधली बैठक घासून साफ करा. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते डायल गेजने मोजा, मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा आणि ओ-रिंग नव्या घाला. सैल बसलेला लायनर जास्त थरथरतो. पिटिंग, म्हणजे ही भोकं, उथळ असेल तर काही उत्पादक लायनर ९० अंश फिरवून पुन्हा वापरू देतात, पण खोलीची मर्यादा मॅन्युअलमधलीच धरा.

ऑइल लॅबमध्ये तपासलं तर त्यात सोडियम किंवा पोटॅशियम वाढल्याचं दुधाळपणा दिसण्याआधीच कळू शकतं. आणि रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट उतरलं असेल व सेल्फ मारल्यावर इंजिन अडखळलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलस्टार्टही नको. पिस्टनवर पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढा, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येतं का ते बघा.